जिन्याच्या खांबावरचा गोळा

आकार कुठून सुचतात, हा प्रश्न मला दर रविवारी विचारला जातो. रविवारी सकाळी मी माझ्या वर्कशॉपमध्ये लाकूड कातायचा वर्ग घेते. लेथवर ठोकळा गरागरा फिरतो, त्याला पटाशी टेकवायची आणि त्यातून गोल वस्तू काढायची, एवढंच ते काम. पण काय काढायचं हे लेथ सांगत नाही. म्हणून नवे विद्यार्थी पहिल्या तासाला माझ्या तोंडाकडे बघत बसतात आणि मी ठरलेलं सांगते. वही ठेवा. शेंगा बघा, बिया बघा, पाण्याच्या टाकीचा घुमट बघा, म्हाताऱ्या माणसाचं कोपर बघा. दुसऱ्याचं काम जरूर बघा, पण बघितल्यावर दोन दिवस लेथला हात लावू नका. हे शेवटचं मी जरा आवाज चढवून म्हणते. उचलेगिरीची मला किती चीड आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

त्या रविवारी एका निवृत्त नर्सबाईंनी विचारलं, "मॅडम, तुमचा तो कलता वाडगा कशावरून सुचला?"

"नदीतल्या गोट्यावरून," मी म्हणाले आणि फळीवरचा गोटा काढून त्यांच्या हातात दिला.

गोटा सगळ्यांच्या हातांतून फिरला. सगळ्यांनी माना डोलावल्या. ही थाप मी नऊ वर्षं मारत आले होते. वाडगा आधी झाला, गोटा मी नंतर शोधला, आणि तोही नदीत नव्हे, कुंड्या विकणाऱ्याच्या दुकानात. लोकांना काहीतरी सांगावं लागतं. 'एके दिवशी हाताने केलं' असं सांगितलं तर त्यांना आपण काहीतरी लपवतोय असं वाटतं.

वाडगा होताच तसा. बाहेरून गोल, पण एका अंगाला किंचित झुकलेला, आणि झुकलेल्या बाजूला काठाखाली अंगठा टेकेल एवढी खोलगट जागा. अर्धा कातून झाला की ठोकळा काढायचा, मधलं केंद्र दोन सूत, म्हणजे पाव इंच, बाजूला सरकवून पुन्हा बसवायचा. मग पटाशी एकाच बाजूला लागते. हातात घेणारा माणूस वाडगा फिरवत फिरवत ती जागा शोधतो आणि अंगठा तिथे ठेवून थांबतो. त्या वाडग्यावर माझं नाव झालं. गेल्या नऊ वर्षांत मी तसे दोनशेच्या वर केले असतील.

आणि त्या वाडग्यापायीच माझा सख्खा भाऊ तुटला.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. लेथवर मला उभं केलं ते त्याने. पटाशी कशी धरायची, लाकूड ओलं आहे हे वासावरून कसं ओळखायचं, सगळं त्याचं. मी अंगाने इतकी बारीक होते की तो मला 'ढलपी' म्हणायचा. पटाशीखालून उडते ती पातळ ढलपी. हाताने तो माझ्यापेक्षा सरस होता, हे तेव्हाही मला कळत होतं आणि थोडं खुपतही होतं.

नऊ वर्षांपूर्वी एका सभागृहात कारागिरांचं प्रदर्शन भरलं. मी माझा पहिला कलता वाडगा मांडला. सकाळपासून लोक त्याच्याभोवती थांबत होते, मी हवेत होते. दुपारी दादा आला, दोन टेबलं सोडून त्याने पिशवीतून आपली कामं काढली. त्यात एक वाडगा होता. तसाच झुकलेला. त्याच जागी खोलगट.

माझं डोकं फिरलं. चार माणसांत, अगदी ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "दादा, मागितलं असतंस तर दिलं असतं."

तो माझ्या वाडग्याकडे बघत राहिला. मग स्वतःच्या वाडग्याकडे बघितलं. त्याने उलटून एक शब्द काढला नाही. वाडगा पिशवीत घातला आणि निघून गेला. खरा असता तर भांडला असता, असं मी सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

त्यानंतर बोलणं उरलं ते कामापुरतं. तेही बहुतेक वहिनीमार्फत. त्याने फर्निचरच्या कारखान्यात नोकरी धरली. टेबलांचे पाय, खुर्च्यांचे पाय, पलंगांचे पाय. "आता आपल्या मनाचं काहीच करत नाही गं," वहिनी एकदा फोनवर म्हणाली होती. मी मनात म्हटलं, आपल्या मनाचं असेल तर ना.

नर्सबाईंनी तो प्रश्न विचारला त्याच आठवड्यात वखारवाल्याचा फोन आला. जुनी घरं पाडली की तो त्यातलं लाकूड उचलतो आणि चांगलं काही निघालं तर मला आधी कळवतो.

"मॅडम, एक दुमजली घर उतरवतोय. तुळया बघा एकदा. असं लाकूड आता मिळायचं नाही."

त्याने पत्ता सांगितला. मी त्याला तो पुन्हा सांगायला लावला. त्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो, मी अकरा वर्षांची होईपर्यंत.

गेले. दारं काढून भिंतीला टेकवून ठेवली होती, पायाखाली चुन्याचा भुगा. वर जाऊन आमच्या दोन खोल्या बघितल्या. एवढ्याशा जागेत चार माणसं कशी मावत होती, देव जाणे. तुळया खरोखरच चांगल्या होत्या. टिचकी मारून आवाज ऐकला, दोन बाजूला काढायला सांगितल्या आणि हिशोबी माणसासारखी जिना उतरू लागले.

शेवटच्या पायरीवर माझा उजवा हात आपणहून बाजूला गेला. तिथे कठड्याचा जाड खांब होता आणि खांबावर लाकडी गोळा, दोन हातांच्या ओंजळीत मावेल एवढा. पळत खाली यायचं, गोळ्याला पंजा लावायचा आणि त्याच्याभोवती गर्रकन वळून दाराबाहेर. रोज. दिवसातून दहा वेळा. आई वरून ओरडायची, "पडाल रे, दात पाडून घ्याल!"

माझा तळवा गोळ्यावर बसला आणि अंगठा एका खोलगट जागेत जाऊन थांबला.

मी हात काढला. पुन्हा ठेवला. मग डोळे मिटून ठेवला. त्या घरातल्या किती बिऱ्हाडांनी, किती पोरांनी त्याच जागी अंगठा दाबून वळण घेतलं असेल. लाकूड तिथे झिजलं होतं आणि सगळा गोळाच त्या अंगाला कलल्यासारखा दिसत होता.

मी पायरीवर बसले. पहिल्यांदा आनंद झाला, हे कबूल करते. नऊ वर्षं जे उत्तर मला देता येत नव्हतं ते सापडलं होतं. तो आनंद चांगला मिनिटभर टिकला. मग आठवलं की या जिन्यावरून मी कधीच एकटी पळाले नव्हते. माझ्यापुढे नेहमी दादा असायचा. माझा हात पोचायचा तेव्हा गोळा त्याच्या हाताने गरम झालेला असायचा.

मी पायरीवरून उठले आणि पुन्हा बसले.

"काय झालं? पाणी देऊ का?" वखारवाला म्हणाला.

"हा खांब हवाय मला."

"तुळया सोडून खांब? खालून पोखरलाय तो."

"मग वरचा गोळा कापून द्या."

त्याने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघितलं, पण करवत आणली. गोळ्याच्या मानेशी कापून तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

वर्कशॉपमध्ये येऊन मी वाडग्याचा साचा काढला. एकाच आकाराच्या वस्तू पुन्हापुन्हा करायच्या तर पत्र्याचा साचा कापून ठेवावा लागतो. कातताना तो लाकडाला लावायचा आणि मधून उजेड दिसतो का बघायचं. उजेड दिसला म्हणजे आकार चुकला. माझ्या पहिल्या वाडग्यावरून कापलेला तो साचा मी गोळ्याच्या झिजलेल्या बाजूला लावला आणि खिडकीशी धरला. काठापासून खोलगट जागेपर्यंत उजेडाची रेघसुद्धा दिसली नाही. शेजारी फळीवर तो गोटा होता. त्यालाही साचा लावून बघितला. मधून अख्खं बोट जात होतं.

तरी तीन दिवस मी दादाकडे गेले नाही. कामं होती, पाठ दुखत होती, पाऊस येईलसं वाटत होतं. माणसाला नको असलं की कारणं आपोआप उगवतात. चौथ्या दिवशी स्वतःची लाज वाटली आणि निघाले.

वहिनीने दार उघडलं आणि एकदम म्हणाली, "कोण गेलं?" इतक्या वर्षांत न सांगता मी कधी आलेच नव्हते.

"कुणी नाही गेलं. दादा आहे?"

तो मागच्या खोलीत खुर्चीत बसला होता. केस पार पांढरे झाले होते. मी तयारी करून गेले होते, ती बाजूलाच राहिली. शेवटी वर्तमानपत्र सोडलं आणि गोळा त्याच्या मांडीवर ठेवला.

त्याने आधी तो नुसता बघितला. मग तळवा ठेवला. अंगठा सरकत सरकत खोलगट जागेत गेला आणि थांबला.

"जिना," तो म्हणाला. "आपल्या घराचा."

"हो."

"घर पाडलं?"

"पाडताहेत."

बराच वेळ तो गोळ्यावरून अंगठा फिरवत होता. मग त्याचा हात मध्येच थांबला. कारागीर आहे, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे मी तुझं बघितलं नव्हतं," तो म्हणाला.

मला आधी कळेचना. "म्हणजे?"

"प्रदर्शनाच्या आधी एकदा तुझ्याकडे आलो होतो बघ, चहाला. तुझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर नव्या कामांची चित्रं लावलेली होती. मला त्यातलं एकही आठवत नव्हतं. पण तू इतक्या ठामपणे बोललीस. म्हटलं, बघितलंच असणार. डोळ्याने उचललं असणार आणि मला पत्ता लागला नसणार."

"अरे, मग तू बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? मलाच खात्री नव्हती." तो जमिनीकडे बघत होता. "त्यानंतर काही सुचलं की आधी वाटायचं, हे कुणाचं? फुलदाणी सुचली, कुणाची? डबी सुचली, कुणाची? पटाशी टेकवायला हात धजेना. मग टेबलांचे पाय बरे वाटले. पायांना नकाशा येतो. कुणाचं आहे ते वर लिहिलेलं असतं."

मी त्याला चोर म्हटलं होतं, आणि त्याने ते मानलं होतं. तो रागावला असेल, मला शिव्या देत असेल, असं मी नऊ वर्षं धरून चालले होते आणि त्यात मला एक प्रकारचा आधारही होता. हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी त्याच्या पायाशी बसले आणि रडले. माफी मागितली की नाही ते आठवत नाही. मागितली असेल तर ती नीट ऐकू येण्यासारखी नव्हती.

वहिनी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती मागच्या गॅलरीत गेली आणि त्याचा तो वाडगा घेऊन आली. त्यात कपडे वाळत घालायचे चिमटे होते. तिने ते टेबलावर ओतले आणि वाडगा माझ्या हातात दिला. ऊन लागून काठाला भेग गेली होती. तरी बूड बघितलं आणि समजलं. माझ्या दोनशे वाडग्यांत एकाचंही बूड इतकं पातळ, इतकं हलकं उतरलं नव्हतं.

"तुझा जास्त चांगला आहे," मी म्हणाले. "तेव्हाही होता."

गोळा डोळ्यांजवळ धरून तो वरची बाजू बघत होता. माथ्याच्या मधोमध जुन्या केंद्राचं बारीक छिद्र दिसत होतं.

"ज्याने केला त्याने सरळ गोल केला होता बघ," तो म्हणाला. "केंद्र हललेलं नाही. वाकडा आपण केला."

येत्या रविवारी वर्गानंतर माझ्या वर्कशॉपमध्ये ये, असं मी त्याला म्हटलं. तो बघू म्हणाला. मला वाटलं, येत नाही.

रविवारी मी वर्गाला खरं काय ते सांगितलं. गोट्याचं सांगितलं, दादाचं सांगितलं, माझं तोंड किती सुटलं होतं तेही सांगितलं. नर्सबाईंनी चष्मा काढून पुसला. सगळे नेहमीपेक्षा लवकर गेले.

मी भुसा झाडत होते तेव्हा दादा दारात उभा होता. घरातलीच चप्पल घालून आला होता.

"आत ये की."

तो आला. मी लेथवर एक कोरडा, चांगला ठोकळा आधीच काढून ठेवला होता. पेन्सिल ठेवली होती. त्याने लेथवरून हात फिरवला, पट्टा बोटाने दाबून बघितला. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. बसण्याआधी त्याने ते फिरवून घेतलं. माझी सगळी चित्रं ज्या भिंतीवर आहेत, तिच्याकडे पाठ येईल असं.

मी झाडू टाकला आणि धावत जाऊन भिंतीवरच्या टाचण्या काढायला लागले. एक कागद काढला, दुसरा काढला.

"राहू दे गं, ढलपे," तो पाठमोराच म्हणाला. "न बघायची सवय झालीय."

त्याने ठोकळा मांडीवर घेतला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा मारल्या आणि जिथे त्या एकमेकींना छेदत होत्या तिथे, केंद्रावर, पेन्सिल टेकवून कितीतरी वेळ बसून राहिला. मी कागद हातात धरून तशीच उभी होते.