विमान मी अडवले नाही

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझे डोके तापलेले आहे. तापणे हा माझा स्वभावच, त्यासाठी मला पंखाही दिलेला आहे. पण आजचा ताप पंख्याने उतरणारा नाही. मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. संगणकाच्या पेटीत राहतो आणि पडद्यावर दिसणारे प्रत्येक चित्र काढतो. पेटीची एक बाजू काचेची आहे, त्यामुळे घरात काय चालते ते मला सगळे दिसते.

एका लख्ख कारखान्यात, हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडले, तपासले आणि खोक्यात भरले. तिथून मी दातांच्या डॉक्टरांच्या घरी आलो. त्यांच्या मुलीने मला आणले होते. ती इमारतींचे आराखडे काढायची. सुट्टीच्या दिवशी पेटी उघडून मऊ कुंचल्याने माझी धूळ झाडायची आणि म्हणायची, "किती राबतोस रे!" तसे कौतुक पुन्हा वाट्याला आले नाही. लग्न होऊन ती समुद्रापलीकडे गेली आणि मी तिच्या वडिलांच्या तावडीत सापडलो.

डॉक्टर माणूस गोड. शेजारच्याच खोलीत त्यांचा दवाखाना. "काही होत नाही. दहा मोजा, दहाच्या आत संपलं," असे म्हणत त्यांनी किती दाढा काढल्या असतील याची गणतीच नाही. पण स्वतः विमानात बसायला ते घाबरतात, फक्त तसे कधी म्हणत नाहीत. मुलीला मुलगी झाली, ती हसू लागली, कुशीवर वळू लागली. आजोबांनी हे सारे पाहिले ते पडद्यावर. शेवटी त्यांनी जाहीर केले, "आधी सिम्युलेटरवर सराव करतो. हात बसला की तिकिटं काढू."

सिम्युलेटर म्हणजे खुर्चीत बसून विमान चालवायचे. धावपट्टी, डोंगर, ढग सगळे मी रंगवायचे. खोटे कशाला बोलू, ढग मला जड जातात. माझे ढग डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या कापसाच्या बोळ्यांसारखे दिसतात. पण विमान मी कधीही थांबवलेले नाही.

तरी रोज संध्याकाळी बायकोपुढे तेच रडगाणे. "अगं, चाकं जमिनीवरून उचलली की चित्र गोठतं. कार्ड जुनं झालंय. नवं घेतल्याशिवाय सराव व्हायचा नाही."

चित्र गोठते म्हणे! अहो, विमानाने वेग घेतला आणि नाक वर उचलले, की डॉक्टरांच्या डाव्या हाताचे बोट अलगद पॉजच्या बटणावर जायचे. ते त्यांनाही कळत नसावे. खेळ थांबायचा, डॉक्टर घाम पुसायचे आणि खापर माझ्या माथी. एकशेसदतीस वेळा मी ती धावपट्टी रंगवली. विमान एकदाही आकाशात गेले नाही.

मग नव्या कार्डाचा घोळ सुरू झाला. हे घ्यावे की ते? आता घ्यावे की पुढचे येईपर्यंत थांबावे? पेटीत मावेल का? दुकानदार घरी येऊन मला तपासून गेला. "कार्ड ठणठणीत आहे हो, फक्त धूळ झाडा," असे तो तीनदा म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "तरी पण, ढग बघा ना!" कार्ड ठरत नाही तोवर तिकीट नाही, आणि तिकीट नाही तोवर विमान नाही. मला तोंड असते तर मी बोंब ठोकली असती.

गेल्या रविवारी सकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, बाळाला पहिला दात आलाय. खालचा. बघायला येताय ना?"

"येतो गं. एकदा नवं कार्ड बसवू दे."

ती म्हणाली, "बाबा, ते कार्ड मी पाच वर्षं वापरलंय. कधी अडलं नाही."

फोन ठेवल्यावर डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून नवऱ्याशेजारी बसल्या. "चालवा बघू. कुठं अडतंय ते मलाही कळू दे."

विमान धावले. नाक वर झाले. बोट निघाले, आणि बाईंनी ते वरच्यावर पकडले.

"अहो, हे काय?"

"कुठं काय?"

"कार्ड अडत नाहीये. तुम्ही अडवताय."

डॉक्टरांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिले. "मला भीती वाटते गं," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत हे ते पहिल्यांदाच बोलले, आणि माझा सगळा राग त्या क्षणापुरता कुठल्या कुठे गेला.

बाईंनी बोट सोडले नाही. "काही होत नाही. दहा मोजा."

डॉक्टर मोजू लागले. मी जीव तोडून रंगवू लागलो. सातला चित्र जरासे अडखळले, ते मात्र माझ्यामुळे, कबूल करतो. दहाला आम्ही ढगांच्या वर होतो.

तिकिटे त्याच दुपारी निघाली. जाण्याच्या दिवशी डॉक्टरांनी पेटी उघडली आणि मुलीचाच तो कुंचला शोधून माझी धूळ झाडली. "मग, नवं कार्ड?" बाईंनी दारातून विचारले. "कशाला? चांगलं चालतंय की," असे म्हणून ते मोकळे झाले. माफी नाही, काही नाही!

मित्रांनो, आमची धूळ वेळच्या वेळी झाडत जा. आणि आमच्या नावाने बोटे मोडण्याआधी आपले बोट कुठे आहे, ते एकदा बघत जा.

सध्या पडदा बंद आहे. घरात कोणी नाही आणि मला काम नाही. त्याचे दुःखही नाही. तिकडचे ढग रंगवायला मी लागत नाही, आणि दहा मोजून घ्यायला बाई विमानात डॉक्टरांच्या शेजारच्याच खुर्चीवर आहेत.