फरशीखालचा बेडूक

पाय जरा जपून टाका, इथं मी आहे. मी बेडूकच, पण पाण्यात पोहत बसणारा नव्हे. खरखरीत पाठीचा, मातीत दडून राहणारा.

माझा जन्म छत्रपती संभाजीनगरला लागून असलेल्या सातारा परिसरात, एका खदानीच्या डबक्यात झाला. शहर वाढत वाढत आमच्यापर्यंत आलं, खदान बुजवली गेली आणि मी बेघर झालो. नळाच्या मीटरच्या खड्ड्यात राहिलो, कुलरच्या ओल्या वाळ्यात राहिलो. शेवटी एका अंगणात, घरधनी कृष्णाच्या बुटात शिरलो. सकाळी त्यानं पाय घातला आणि किंचाळून झाडूच उगारला.

"मारू नको रं!" त्याची आई मनकर्णाबाई धावली. "आपल्या वावरात याची जात लई होती."

ते वावर आता राहिलं नव्हतं. त्याचे प्लॉट पडले होते. म्हातारीनं फुटक्या रांजणाच्या बुडात माती घालून मला ठेवलं. संध्याकाळी दिव्याखाली सोडायची. मी किडे टिपायचो आणि ती पेरणीच्या गोष्टी सांगायची. ऐकणारा मी एकटाच.

मग दुष्काळ पडला. टँकरची वाट बघून बघून घर चिडचिडं झालं. एकदा म्हातारी माझ्या मातीवर पाणी शिंपडत होती, तेव्हा सून संस्कृतीनं तिला पाहिलं.

"माणसाला प्यायला नाय, आन् बेडकाला पाणी?"

"माझ्या तांब्यातलं हाय," म्हातारी म्हणाली. तेव्हापासून ती स्वतःच कमी पिऊ लागली. एका दुपारी चक्कर येऊन पडली. तिला दवाखान्यात नेलं.

ती तिकडं असतानाच अंगणात सिमेंटच्या फरशा बसल्या. रांजण फेकला गेला. मी कडेच्या मातीत घुसलो आणि डोक्यावर अंधार झाला.

परत आल्यावर तिनं विचारलं, "माझा बेडूक कुठंय?" कृष्णानं नव्या फरशांकडं बोट केलं. ती घरात गेलीच नाही, उन्हात फरशीवर बसून राहिली. कृष्णा उठवायला आला.

"वावर गेलं तवा मी बोलले नाय," ती म्हणाली. "आता ही फरशी काढ."

कृष्णानं सब्बल आणली आणि कडेची एक फरशी उखडली. संस्कृती आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली. आधी सासूला पाजलं, उरलेलं मातीवर ओतलं.

आता हातभर माती माझी आहे. गल्लीत दुसरीकडं कुठंच ती दिसत नाही. माणसांनो, घर बांधताना एवढी तरी जागा उघडी ठेवा. खाली कोण आहे, ते वरून कळत नाही हो.

परवा एक सर येऊन गेली. मी माझ्या जातीला हाक मारली, पुन्हा पुन्हा मारली.

"एवढं कुणाला बोलावतंय?" संस्कृतीनं विचारलं.

मनकर्णाबाई दारात कान देऊन उभी राहिली. "बघू," ती म्हणाली, "कुणी येतंय का."

कुणी आलं नाही.