मदतीचा आकडा

मास्टर कापड कापायला उभा राहिला की कारखान्यात कुणी शिंकायचंही नाही. तीस वर्षं त्याने एकाच टेबलापाशी कोटांचं कापड कापलं, आणि खडूच्या रेघेवरून त्याची कात्री कधी केसभरही ढळली नाही. मग एका सकाळी चहाचा कप उचलता उचलता उजवा हात जागच्या जागी गळून पडला. अर्धांगवायूचा झटका. पाय पंधरवड्यात सावरला. जीभ तर त्याच्याही आधी वळू लागली, मास्टरची जीभ ती, गप्प बसणार थोडीच! हात मात्र दुसऱ्या कुणाचा तरी खांद्याला टाचून ठेवावा तसा लोंबत राहिला.

कारखान्याचा मालक भला माणूस. "तीन महिने तुझं टेबल कुणाला देत नाही," तो म्हणाला. "त्यानंतर मात्र माझाही नाइलाज आहे, मास्टर."

हाताच्या व्यायामासाठी फिजिओथेरपीवाल्या बाईंनी घरच्या टीव्हीवर एक खेळ लावून दिला. पडद्यावर झाडावरून शंभर सफरचंदं पडायची. मनगटाला पट्टा बांधून हात टेबलावर सरकवला की खालची टोपली सरकायची. किती झेलली त्याचा आकडा कोपऱ्यात दिसायचा. बाईंनी मास्टरच्या बायकोला बाजूला घेऊन 'मदत' नावाचा एक आकडा दाखवला, शून्यापासून दहापर्यंत नेता येणारा.

"हा आकडा वाढवला की हात बोटभर हलला तरी टोपली वीतभर पळते," बाई म्हणाल्या. "मी दोनवर ठेवलाय. त्याला हात लावू नका. हात चुकतोय हे मेंदूला कळलं पाहिजे, दमछाक झाली पाहिजे, तरच तो शिकेल. आणि शिकायचे दिवस हेच, पहिले तीन महिने. ते हातचे घालवू नका."

बायकोने मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय? रोज त्याच्या तोंडासमोर बसायचं होतं ते तिला.

पहिल्या दिवशी अकरा सफरचंदं. आठवड्याने तेरा. त्यानंतर पुन्हा अकरा. मास्टरने डाव्या हाताने पट्टा ओरबाडून काढला आणि भिंतीवर भिरकावला. "पोरांच्या खेळात नापास झालो मी!" त्या दिवशी तो जेवला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "झटक्याने काम अर्धवट का सोडलं, कुणास ठाऊक."

तो आंघोळीला गेल्यावर तिने 'मदत' तीनवर नेली. एकच आकडा वाढवला, असा काय मोठा गुन्हा!

त्या दिवशी एकोणीस सफरचंदं आली. मास्टर दोन घास जास्त जेवला. मग काय, आंघोळीचं पाणी सुरू झालं की ती टीव्हीपाशी. चार झाले, पाच झाले. खेळ संपला की ती टाळ्या वाजवायची, आणि तो मानेनेच, दरबारात उभा असल्यासारखा, त्या स्वीकारायचा. पुन्हा टोमणे मारू लागला, तिच्या वाकड्या टाक्यांना नावं ठेवू लागला. तिला इतकं बरं वाटायचं की लाज वाटायला सवडच मिळायची नाही. एकदा धीर करून तिने आकडा खाली आणला, तर त्याचा चेहराच उतरला. संध्याकाळी तिने तो होता त्याच्याही वर नेला.

बाईंचा पंधरा दिवसांनी फोन यायचा. "मदत दोनवरच आहे ना?"

"हो, दोनवरच," ती म्हणायची.

तीन महिने भरले त्या दिवशी मदत नऊवर होती आणि सफरचंदं चौऱ्याण्णव. मास्टरने कोट चढवला.

"अहो, अजून थोडे दिवस थांबा ना," ती म्हणाली. "मालकांना मी सांगते."

"अगं, चौऱ्याण्णव आलेत! आता कशाला थांबू?"

ती बरोबर गेली. वाटेत दहा वेळा बोलायला तोंड उघडलं आणि दहा वेळा मिटलं.

मालकाने स्वतः टेबलावर कापड पसरलं, रेघ आखून दिली. सगळी मशीनं थांबली. मास्टरने डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं कात्रीत बसवली आणि हात पुढे ढकलला. हात बोटभर सरकला आणि थांबला. मास्टर हाताकडे बघतच नव्हता. तो रेघेच्या पलीकडच्या टोकाकडे बघत होता, उरलेलं अंतर कात्री आपली आपण जाईल अशा भरवशाने.

तो बराच वेळ तसाच उभा होता. कुणी शिंकलं नाही. शेवटी मालकानेच हलक्या हाताने त्याची बोटं कात्रीतून सोडवली आणि म्हणाला, "बस जरा, मास्टर. पाणी घे."

घरी आल्यावर मास्टरने कोट काढला नाही. खुर्चीत बसला आणि विचारलं, "मग चौऱ्याण्णव कसे आले?"

तिने सांगितलं. सगळं सांगितलं, बाईंनी काय बजावलं होतं तेसुद्धा. त्याने मधे एकदाच विचारलं, "कधीपासून?"

"तुम्ही जेवत नव्हता तेव्हापासून."

"म्हणजे शिकायचे दिवस सगळे गेले."

ती रडायला लागली. तो ओरडेल, शिव्या देईल, तो पट्टा तिच्या अंगावर भिरकावेल, असं तिला वाटत होतं. त्याने तसं करावं असंही वाटत होतं. मास्टरने पट्टा उचलून मनगटाभोवती ठेवला आणि तिच्यापुढे धरला. तिने तो बांधला.

"दोनवर आणू?" तिने विचारलं.

"दहावर ने."

सफरचंदं पडू लागली. हात जेमतेम हलत होता आणि टोपली पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होती. एकही सफरचंद खाली पडलं नाही. कोपऱ्यात शंभर उमटले.

मास्टर पडद्याकडेच बघत राहिला.

"वाजव ना टाळ्या," तो म्हणाला. "रोज वाजवतेस."

तिने दोन्ही हात उचलले आणि वाजवल्या.