ज्येन मास्तरांचे तास

युन-रूचं वेळापत्रक म्हणजे वर्गाला फुकटची करमणूक होती. मोबाईलमध्ये तिचा अख्खा दिवस रंगीत चौकोनांत कापून ठेवलेला. जीवरसायन हिरवं, शरीररचना निळी, जेवण केशरी, आणि आंघोळीलासुद्धा एक बारकासा चौकोन. वेई-चे तिला विचारायचा, "युन-रूताई, शिंक आली तर ती कुठल्या रंगात बसवतेस?"

हसा लेको! बावीस-तेविशीची पोरं ती, एकदा वाचलं की मोकळी. ही बाई पाच वर्षं औषधांच्या दुकानात उभी राहून अठ्ठाविसाव्या वर्षी डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आलेली. तेच पान तिसऱ्यांदा उघडलं तरी तिला ते नवंच वाटायचं. डोकं साथ देत नाही तर निदान घड्याळानं तरी द्यावी, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हती.

त्या शनिवारी सू-आवला जाऊन यायला तिनं करड्या रंगाचा चौकोन आखला होता. पुढच्या आठवड्यात विच्छेदनाचे तास सुरू व्हायचे होते. ज्यांनी आपला देह शिकवायला दिला त्यांना कॉलेजात सगळे मास्तरच म्हणतात, आणि सुरी हातात घ्यायच्या आधी मुलं मास्तरांच्या घरी जाऊन येतात. माणूस कसा होता, कशावर चिडायचा, काय आवडीनं खायचा, हे घरच्यांकडून ऐकतात. युन-रू आणि वेई-चेच्या वाट्याला चार नंबरच्या टेबलावरचे ज्येन मास्तर आले होते. सू-आव हे त्यांचं गाव, आणि हयातभर त्यांनी दगडाचा ट्रक चालवला होता.

निघताना शरीररचना शिकवणाऱ्या थू बाईंनी दोघांना बजावलं. "देहदानाच्या कागदावर मास्तरांची सही आहे, पण त्यांच्या बायकोचं मन फिरलंय. परवा फोनवर म्हणाल्या, मला माझा माणूस परत द्या. त्यांनी मागितलं तर आपण हात जोडून परत द्यायचं. तुम्ही गळ घालायची नाही. नुसतं ऐकायचं."

ज्येनबाईंनी दार उघडलं ते पिठाच्या हातांनीच. ठेंगणी, काटक बाई. "या मास्तरीणबाई," असं वेई-चेनं वाकून म्हटलं मात्र, बाई खो खो हसत सुटल्या. "अरे, चौथीत दोनदा बसलेला माणूस तो. त्याला मास्तर करून मला मास्तरीणबाई केलीत होय? ऐकायला असता तर शेफारला असता मेला." मग त्यांनी कांद्याच्या पातीच्या पोळ्या लाटल्या, माशाचं गरम सूप वाढलं, आणि पोटभर खाल्ल्याशिवाय काही बोलणार नाही असं सांगून टाकलं.

खाणं झाल्यावर त्या बोलल्या. मास्तर गाणी वाईट म्हणायचे. पायाला मोजे चालायचे नाहीत. पेरू मात्र मीठ लावून कितीही. सांगता सांगता बाई युन-रूकडे वळल्या.

"चाळीस वर्षं मी एकच काम केलं बघ पोरी. वाट बघितली. कड्यावरचा तो रस्ता, खाली समुद्र, वर डोंगर. पाऊस झाला की दरड आलीच. संध्याकाळी येतो म्हणून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी यायचा. तेव्हा फोन कुठले? रेडिओवर दरडीची बातमी लागली की मी उंबऱ्यात येऊन बसायची. गाडी दगडाखाली आहे की कुठं चहा पीत बसलाय, कळायला मार्ग नाही. मग नोकरीतून सुटला, म्हटलं आता सापडला हा माझ्या हाती. तर वर्षात गेला. आणि गेला तोही कुठं? तुमच्याकडे. दोन वर्षं झाली. कुठल्या खोलीत आहे, कधी त्याला बाहेर काढणार, काही ठाऊक नाही. तो मेल्यावरही वाटच बघायची का मी? म्हणून म्हटलं, द्या परत. अग्नी देते, वरच्या टेकडीवर ठेवते. निदान कुठं आहे ते तरी कळेल."

वेई-चेनं मान खाली घातली. युन-रूला सांगावंसं वाटत होतं, नका हो नेऊ त्यांना. मास्तर नसतील तर चार नंबरची मुलं दुसऱ्या टेबलांवर वाटून देतील, आणि लोकांच्या खांद्यांवरून डोकावून तिच्या डोक्यात कप्पाळ काही शिरणार होतं! पण थू बाईंनी बजावलं होतं, नुसतं ऐकायचं.

आणि नेमका तेव्हा तिच्या खिशात गजर वाजला. करडा चौकोन संपला होता, हिरवा सुरू झाला होता.

युन-रूला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तिनं घाईघाईनं तो बंद केला. बाईंचा चेहरा ताठ झाला होता.

"घाई आहे का? जा मग."

"नाही हो, मास्तरीणबाई. माझं वेळापत्रक आहे ते. मला लवकर लक्षात राहत नाही, म्हणून सगळं ठरवून ठेवते." लाजेनं लाल होत तिनं मोबाईलच पुढे केला.

बाईंनी चष्मा लावला. बराच वेळ त्या चौकोनांकडे बघत राहिल्या. "हे निळं काय?"

"ते मास्तरांचे तास. सोमवार, बुधवार, शुक्रवार. दुपारी एक ते चार."

"एक म्हणजे एकच? का तुमचंही संध्याकाळी येतो म्हणून दुसऱ्या दिवशी?"

"एक म्हणजे एक. उशीर झाला तर थू बाई दारातून परत पाठवतात."

"आणि तो कुठं असेल तेव्हा?"

"आमच्यासमोर. चार नंबरचं टेबल, खिडकीच्या बाजूला."

"हे सकाळचं फिक्कं निळं?"

"आदल्या तासाला मास्तरांनी शिकवलेलं मी पुन्हा म्हणून बघणार. रोज."

"रोज?"

"माझं डोकं जरा मंद आहे."

"मग जमेल तुझं नि त्याचं," बाई म्हणाल्या. पण या खेपेला त्या हसल्या नाहीत. उठून भिंतीवरचं देवळाचं कॅलेंडर काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि युन-रूच्या हातात पेन दिलं. "लिही यात. वार, वेळ, टेबल, खिडकी, सगळं. मोठ्या अक्षरात."

युन-रू लिहीत गेली. हिरवा चौकोन गेला, परतीची गाडी गेली. वेई-चे एकही विनोद न करता शेजारी बसून पानं उलटत होता. शेवटचं पान भरलं तसं बाईंनी कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं आणि त्यापुढे उभ्या राहून बोटानं एकेक वार वाचला.

"चाळीस वर्षांत मला कुणी एवढं सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "राहू दे त्याला तुमच्याकडे. पण एक कर. वेळ बदलली तर मला कळवायचं. अंधारात बसून वाट बघायची माझी ताकद आता संपली."

युन-रूनं मान हलवली. तिनं लगेच बाईंचा नंबर मोबाईलमध्ये घेतला.

तास सुरू झाले. ज्येन मास्तर शिकवायला फार चांगले निघाले. त्यांच्या उजव्या खांद्याचे स्नायू एवढे ठसठशीत होते की दुसऱ्या टेबलांवरची पोरं बघायला यायची, आणि युन-रूला त्यांची नावं सांगताना अडखळायला होत नव्हतं. ऑक्टोबरात एका मंगळवारी संध्याकाळी जाहीर झालं, वादळ येतंय, उद्या सगळ्या शाळा-कॉलेजं बंद. वसतिगृहात नुसता जल्लोष. युन-रूनं मात्र आधी सू-आवला फोन लावला.

"मास्तरीणबाई, उद्या वादळाची सुट्टी दिलीय. एकचा तास होणार नाही. आता एकदम शुक्रवारी."

पलीकडे खिडक्या धडधडत होत्या.

"म्हणजे उद्या तो घरी," त्या म्हणाल्या. "वादळात रस्ताच बंद व्हायचा ना. तेव्हाच काय तो दिवसभर सापडायचा मला." त्यांच्या आवाजात कुठं रडू नव्हतं, उलट लगबग होती. "बरं केलंस हो सांगितलंस. उद्या दोघांपुरता भात लावते."