शाकाहारी घरातली शिकारी सॅक

मी सॅक बोलतेय. साधीसुधी नव्हे, शिकारीची सॅक. अ‍ॅल्युमिनियमची चौकट, शेवाळी रंगाचं जाड कापड, सात खिसे आणि कमरेला चार बोटं रुंद पट्टा. डोंगरात मारलेल्या जनावराचं मांस पाठीवरून खाली आणायचं, एवढ्यासाठी माझा जन्म. आणि नशीब बघा, पडले कुणाच्या घरी, तर खांबेट्यांच्या! केकमध्ये अंडं आहे का, हे विचारल्याशिवाय तिथे कुणी घास घेत नाही.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं फारसं काही नाही. कारखान्यातल्या एका बाईनं मला शिवलं. ती सारखी जांभया देत होती, पण टाका एकही चुकला नाही. तिथून मी ह्यूस्टनच्या एका दुकानात आले आणि वर्षभर हुकाला लटकले. येणारा जाणारा माझे खिसे उघडून बघायचा आणि चेन अर्धवट ठेवून निघून जायचा. माणसांना ही खोडच असते.

१९८६ च्या सप्टेंबरात चंद्रशेखर खांबेटे आणि त्याची बायको वीणा दुकानात शिरली. राहायला ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये, चंद्रशेखरची नोकरी तेलकंपनीत इंजिनियरची. त्याच कंपनीत रॉय नावाचा फोरमन होता. चंद्रशेखर बारा वर्षांपूर्वी अमेरिकेत आला तेव्हा गाडी नव्हती, चालवताही येत नव्हती. रॉयनं त्याला तीन महिने रोज कामावर नेलं, आणलं, आणि रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये ड्रायव्हिंग शिकवलं. आता, १९८६ मध्ये, तेलाचा धंदा बसला आणि रॉयची नोकरी गेली. घरात तीन मुलं. रॉय दर ऑक्टोबरला कोलोराडोच्या डोंगरात एल्क मारायला जायचा. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. एक मिळालं की घराला हिवाळाभर मांस पुरायचं. एरवी ती हौस होती, यंदा गरज होती. पण त्याचा जोडीदार काम शोधायला दुसरीकडे गेला, आणि त्या डोंगरात एकट्यानं जाणं म्हणजे वेडेपणा.

"मी येतो," चंद्रशेखर म्हणाला. "बंदुकीला हात लावणार नाही. ओझं वाहीन."

वीणाबाई हे ऐकून म्हणाल्या होत्या, "शिकारीला? तुम्ही? अहो, घरातलं झुरळ मी मारते!"

रॉयनं चिठ्ठी लिहून दिली होती: चौकट मजबूत हवी, कापड झुडपाला घासून आवाज न करणारं हवं, कमरेचा पट्टा रुंद हवा. चिठ्ठी चंद्रशेखरच्या खिशातच राहिली. कारण वीणाबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "इंडियाला जाताना उपयोगी पडेल का?" या लोकांच्या घरात ज्या वस्तूला कडी किंवा चेन असते, तिला हा प्रश्न विचारलाच जातो.

दुकानातला म्हातारा विक्रेता मला भरून दाखवायला वाळूच्या पिशव्या घेऊन आला. वीणाबाईंनी हात वर केला. "वाळू कशाला? आपण काय वाळू नेतो?" त्या बाहेर गेल्या आणि गाडीतून वीस पौंडांच्या तांदळाच्या दोन बॅगा घेऊन आल्या. दोन्ही माझ्या पोटात मावल्या. वर हात घालून त्या म्हणाल्या, "लोणच्याची बरणीसुद्धा बसेल." झाली माझी निवड.

विक्रेत्यानं चंद्रशेखरला पट्टा दाखवला. वजन कमरेवर घ्यायचं, खांद्यांवर नाही. "येस येस, लोड ट्रान्सफर, आय नो," चंद्रशेखर म्हणाला आणि पट्टा तसाच लोंबकळत ठेवला, कारण तो पोटावरून बांधला की श्वास आत घ्यावा लागत होता. वीणाबाई मात्र लक्ष देऊन ऐकत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी नियम सांगितला. "जाताना हिच्यातून काहीही न्या. येताना मांस भरणार असाल तर ही घरात येणार नाही. इंडियालाही नाही."

मग त्यांनी मला भरलं. दशम्या, मेतकूट, चिवडा, राजमा आणि प्रेशर कुकर. हो, कुकर! मला लाज वाटली. बंदूकवाल्यांच्या सॅका दुरून बघतील तर काय म्हणतील?

डोंगरात दहा हजार फुटांवर तंबू लागला. तिसऱ्या दिवशी पहाटे रॉयला समोरच्या उतारावर सहा एल्क दिसले. तो पोटावर सरपटत निघाला. तंबूपाशी आमच्या इंजिनियरानं, मित्राला गरम खायला मिळावं म्हणून, राजमा चढवला होता. रॉयनं नेम धरला आणि कुकरनं शिट्टी दिली.

एल्क जे गेले ते गेले. दोन दिवस त्या दरीत ससासुद्धा फिरकला नाही. राजमा मात्र रॉयनं तीनदा घेतला. चंद्रशेखर रात्री कुशी बदलत राहिला. मित्राच्या मुलांचं जेवण आपण पळवलं, हे त्याला खात होतं.

शेवटच्या दिवशी रॉयला एक नर मिळाला, तंबूपासून दीड मैल खाली. त्यानं तिथेच मांस सोडवून बांधलं. पहिलं ओझं उचलताना त्याचा पाय ओल्या दगडावरून सटकला आणि गुडघा पिरगळला. काठी टेकून तो स्वतःला जेमतेम वर नेऊ शकला असता.

"लीव्ह इट, चक," तो म्हणाला. त्याच्या तोंडी चंद्रशेखरचं नाव कधीच बसलं नाही. "संपलं. तू याला हातही लावत नाहीस, मला माहीत आहे."

चंद्रशेखर त्या मांसाकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडे पानात टाकत नाहीत."

"काय?"

"वाढलेलं अन्न टाकत नाहीत. माझी आई पाठीत धपाटा घालायची."

आणि त्यानं ते माझ्यात भरलं. डोळे मिटून, पण भरलं.

चार खेपा केल्या त्यानं. पहिल्या खेपेत खांदे सोलले, अर्ध्या वाटेत तो ओकला. तेव्हा कुठे माझा पट्टा त्यानं कमरेला आवळला. ओझं एकदम हलकं झाल्यासारखं वाटून तो थबकला आणि मला, म्हणजे माझ्या पट्ट्याला, "सॉरी" म्हणाला. उरलेल्या तीन खेपा आम्ही नीट केल्या. माझ्या तळातून रक्त झिरपून त्याच्या पँटवर आलं. मला खोटं सांगवत नाही, त्या दिवशी मी फार सुखात होते.

घरी वीणाबाईंनी मला दारातच अडवलं. चंद्रशेखरनं सगळं सांगितलं, शिट्टीसकट. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "थंड पाण्यानं धुवा, गरम पाण्यानं डाग बसतो." पण नियम तो नियम. मी गॅरेजमधल्या खिळ्याला लागले, आणि जानेवारीत रॉय काही कामाला मला मागून घेऊन गेला.

एप्रिलमध्ये, हे मला मागाहून कळलं, चंद्रशेखरची नोकरी गेली. वीणाबाई मैत्रिणींना फोनवर सांगायच्या, "सुट्टी घेतलीय त्यांनी." आपल्या लोकांत हे कुणाला कळू नये म्हणून गाडी सकाळी आठला बाहेर निघायची आणि पाचला परत यायची. तो दिवसभर लायब्ररीत बसायचा.

रॉयला मात्र कंपनीतल्या जुन्या सोबत्यांकडून कळलं आणि एका शनिवारी तो आला. पाठीवर मी. माझ्यात वीस पौंडांच्या तांदळाच्या दोन बॅगा, आणि वर इंडियन दुकानातल्या प्रत्येक डाळीचं एकेक पाकीट, कारण कुठली हवी हे त्याला ठाऊक नव्हतं. खडीसाखर समजून त्यानं कापूरही आणला होता.

"तुम्ही मांस खात नाही," तो वीणाबाईंना म्हणाला. "नाहीतर डोंगरातूनच आणलं असतं."

चंद्रशेखर खाली बघत म्हणाला, "रॉय, याची गरज नव्हती."

"चक, पानात टाकत नाहीत."

वीणाबाई पुढे आल्या. त्यांना माझ्या तळाचा तो काळपट डाग दिसला. धुऊनही तो गेला नव्हता. मला वाटलं, आता तांदूळ काढून घेतील आणि मला खिळ्याला लावतील. त्यांनी मला तशीच भरलेली पाठीवर घेतली, पदर खोचला, पट्टा कमरेला पक्का आवळला आणि उंबरा ओलांडून थेट स्वयंपाकघरात गेल्या.

आज दोन वर्षं झाली. चंद्रशेखरला पुन्हा नोकरी लागली. ऑक्टोबरात रॉय, चंद्रशेखर आणि मी डोंगरात जातो, कुकर घरी ठेवून. उरलेले अकरा महिने मी वीणाबाईंच्या ओट्याखाली असते, पोटात तांदूळ घेऊन.

तुम्ही सॅक घ्यायला गेलात तर एवढं ऐका. आमचे खिसे मोजू नका, आणि मोजलेच तर चेन लावून ठेवा. पट्टा कमरेला बांधा, पोट कितीही पुढे येवो. आणि ओझं कुणाचं आहे हे विचारत बसू नका. मी कधीच विचारलं नाही.