क्रेस्टवरची कळी

आठ दिवस भावाकडे राहून शुक्रवारी डोंबिवलीला परतले, गच्चीवर गेले, आणि ती कळी दिसली. रविवारी मंदाकिनीताई माझ्या कॅक्टसांची नावं तपासायला येणार होत्या.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या ठाण्याच्या गच्चीवर मी चोरी केली. दुसरा बरा शब्द बरेच दिवस शोधला, सापडला नाही. लोबिव्हिया जातीच्या दोन कॅक्टसांचा संकर करून त्यांनी वाढवलेलं ते एकमेव रोप. शेंडा गोल न वाढता आडवा पसरलेला, साडीच्या निऱ्यांसारखा दुमडलेला. अशा रोपाला आम्ही क्रेस्ट म्हणतो. मी त्याचा बोटभर तुकडा मोडून पर्समध्ये टाकला. आठवड्याने ताईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी तानाजीला धरलं. खडवलीहून येऊन बारा वर्षं त्यांची झाडं सांभाळणारा माणूस.

"ताई, मी नाय घेतलं," एवढंच तो म्हणाला. मी तिथेच बसून चहा पीत होते. पीतच राहिले. त्याला काढून टाकलं.

क्रेस्टला सहसा फूल येत नाही, आणि फुलाशिवाय ती ओळखणं महाकठीण. म्हणून तो तुकडा घरी लावून, कुंडीत भलत्याच जातीच्या नावाची पट्टी खोचून मी निर्धास्त होते. आता निऱ्यांतून एक साधं गोल पिल्लू, म्हणजे नेहमीसारखा फुटवा, वर आलं होतं आणि त्याला ही लांबट कळी. उमलली की केशरी पाकळ्या, आत जांभळं वर्तुळ. असं फूल फक्त ताईंच्या रोपाला, ते क्रेस्ट होण्याआधी, आलेलं आम्ही पाहिलं होतं.

पिल्लू कापायचंच असतं, नाहीतर ते सगळा जोर खातं आणि क्रेस्ट मरगळते. इतका सोयीचा नियम मला आयुष्यात मिळाला नव्हता. शनिवारी ब्लेड स्पिरिटने पुसलं, पिल्लू कापलं, जखमेवर गंधक लावलं.

रविवारी दहाला ताई आल्या. एकेक कुंडी उचलून, चुकलेली नावं पेन्सिलीने खोडत पुढे सरकत राहिल्या. त्या क्रेस्टच्या कुंडीपाशी थांबल्या.

"हे कधी कापलंस?"

"काल. पिल्लू आलेलं."

"बरोबर केलंस." त्या वाकल्या. "काटे मात्र या नावाचे वाटत नाहीत गं. पिल्लू कुठंय?"

"फेकलं."

ताई हसल्या. "तू? पिल्लू फेकणारा कॅक्टसवाला मी अजून बघितला नाही."

आणि मला आठवलं. कापलेलं काहीही आम्ही फेकत नाही, जखम सुकायला सावलीत पेपरवर ठेवतो. वीस वर्षांची सवय. हातांनी मला न विचारता तेच केलं होतं. ताई टाकीखालच्या सावलीकडे वळल्यासुद्धा.

कापलेल्या पिल्लाला कळी उमलवायला अंगातलं पाणी पुरतं. पेपरवर ते आडवं पडलं होतं आणि पूर्ण उमललं होतं. केशरी, आत जांभळं.

ताई खाली बसल्या. फुलाकडे बघत म्हणाल्या, "तानाजी वर्षभर दर रविवारी येत होता. मी नाही घेतलं म्हणून सांगायला. मी दार उघडलं नाही."

"ताई, मी..."

"मला नको सांगूस. ऊठ. खडवलीला जायचंय. फूल संध्याकाळी मिटेल, त्याआधी त्याला दाखव. तुझ्या हाताने."

मी पेपरसकट पिल्लू उचललं. सहा वर्षं ताईंना घाबरून काढली होती. आज पहिल्यांदा मला तानाजीची भीती वाटली.