लेआर्कोचं नाक

"सही करा ना, उस्ताद. कागद केव्हाचा तयार आहे," वान्नी म्हणाला आणि पेनाचं टोपण त्यानेच काढून दिलं.

एर्मेस मालागोलीने पेन घेतलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो म्हातारा बाह्या सारून गाडीजवळ गेला. मोदेनातल्या वान्नीच्या गॅरेजमध्ये ती लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. रंग खरवडून काढल्यामुळे अॅल्युमिनियम उघडं पडलं होतं. एकाच माणसाला बसता येईल एवढी जागा, निमुळती पाठ, पुढे रुंद तोंडाचं नाक. बेचाळीस वर्षांपूर्वी बोर्गीच्या छोट्या कारखान्यात तिचा पत्रा ठोकून घडवला, तो एर्मेस आणि लेआर्को या दोघांनी. नंतर ती अर्जेंटिनाला विकली गेली, तिथे शर्यती धावली आणि शेवटी एका धान्याच्या कोठारात कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. आता झुरिकचा एक श्रीमंत माणूस ती घेणार होता. त्याने पाठवलेला जाणकार, कुन्झ, वही उघडून बसला होता.

"संपूर्ण पत्रा तुमच्याच हातचा, एवढंच लिहून हवंय," कुन्झ म्हणाला. "मासिकातही तसंच छापलंय."

ते मासिक एकाहत्तर सालचं. पत्रकाराने लेआर्कोचं नाव गाळलं होतं आणि एर्मेसने कधी चूक दुरुस्त केली नव्हती. उलट ते पान चौकटीत घालून भिंतीवर लावलं होतं. लेआर्को तेव्हा कॉफी पिताना एवढंच म्हणाला होता, "फोटो छान आलाय रे तुझा." त्यानंतर तो पत्ते खेळायला आला नाही. सहा वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा एर्मेस चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला आणि कुणाशी न बोलता घरी आला.

एर्मेस गुडघे टेकून खाली बसला. नाकाच्या आत हात घालून त्याने पत्र्यावरून बोटं फिरवली. मग पुन्हा, सावकाश.

"टॉर्च आण," तो वान्नीला म्हणाला. "आणि साहेब, तुम्ही इकडे वाका. हे हातोडीचे घाव बघा. सगळे एकीकडे कललेत ना? आता मागे बघा, शेपटीत. तिथे उलटे कललेत."

"म्हणजे?"

"म्हणजे मी उजव्या हाताने ठोकतो. नाक ज्याने केलं तो डावखुरा होता. लेआर्को बारालदी."

वान्नीने कपाळाला हात लावला. "उस्ताद, कशाला उगाच!"

"गप रे. आमचं पहिलं नाक मी केलं होतं. एप्रिलमध्ये आमचा तिसरा नंबर आला, जूनमध्ये गाडी झाडावर आदळली. त्याच आठवड्यात माझं मनगट मोडलं होतं. लेआर्कोने एकट्याने नऊ दिवसांत नवं नाक केलं, आणि जुलैमध्ये गाडी पहिली आली."

"मग हे नाक मूळचं नाही," कुन्झ म्हणाला.

"नाहीच. मूळच्याहून चांगलं आहे. मला हे वळण कधीच जमलं नसतं, आणि हे मी बेचाळीस वर्षं कुणाला सांगितलं नाही."

कुन्झ टॉर्च घेऊन बराच वेळ नाकात डोकावत राहिला. मग वहीकडे आला. "आमचे मालक किंमत थोडी उतरवतील. पण घेतील. बारालदी हे आडनाव कसं लिहायचं ते सांगा."

नवा कागद तयार झाला. दोन नावं, लेआर्कोचं वर. एर्मेसने सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लेआर्कोच्या मुलीच्या बेकरीत गेला. योनेस पीठ झटकत बाहेर आली आणि त्याला पाहून थबकली.

"बाबा सात महिने अंथरुणात होते, तेव्हा नाही आलात."

"नाही आलो."

"तुमचं ते मासिक घरात कधी येऊ दिलं नाही त्यांनी. आणि तुमच्याबद्दल वाईट बोललेलंही चालायचं नाही."

एर्मेसने सही केलेला कागद काउंटरवर ठेवला. तिने तो उभ्या उभ्या वाचला, मग दुसऱ्यांदा वाचला, आणि कमरेचा एप्रन सोडला.

"कुठे आहे गाडी?"

ते गॅरेजमध्ये पोहोचले तेव्हा वान्नी पहिल्यांदाच इंजिन चालू करून बघणार होता. योनेस गाडीभोवती एक फेरी मारून थांबली.

"काका, यातलं बाबांचं कुठलं?"

एर्मेसने सांधा दाखवला. "इथून पुढचं सगळं."

तिने तळहात नाकावर ठेवला. मागे वान्नी ओरडला, "बाजूला व्हा हं, दणका बसेल!" इंजिन गर्जून उठलं, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. एर्मेस दोन पावलं मागे सरला. योनेस हलली नाही. पिठाने माखलेला तिचा हात पत्र्याबरोबर थरथरत राहिला.